सात नावं आणि बंद फ्रीजर

१

हृदयरोग विभागात एक फ्रीजर आहे हे विभागाला आठवलं ते मंगळवारी सकाळी, फ्रीजर गळायला लागल्यावर. दाराखालून पाण्याचा ओघळ व्हरांड्यात आला, त्यावरून एक म्हातारा रुग्ण घसरता घसरता वाचला आणि मग धावाधाव झाली. आत जाऊन बघतात तर भिंतीतला प्लग उपटलेला. फ्रीजरमध्ये अशक्त हृदयाच्या माणसांचं रक्त होतं, नळ्यांत भरून खोक्यांत रचलेलं. डोंगराकडच्या गावांतून बसचे धक्के खात येऊन, दम लागलेला असताना बाही वर करून त्यांनी ते दिलं होतं. सगळं कोमट झालं होतं.

तासाभरात डॉ. वेलिका त्सेनोवांना बोलावणं गेलं. वेलिकाबाई न्यायवैद्यकाच्या. हयात मेलेल्या माणसांत गेली, त्यामुळे जिवंत माणसांशी बोलताना जिभेला लगाम असा नव्हताच. महाविद्यालयाच्या शिस्त समितीचं अध्यक्षपद त्यांच्या गळ्यात पडलं होतं, कारण दुसरं कुणी ते घ्यायला तयार नव्हतं. खिशातल्या सूर्यफुलाच्या बिया फोडत फोडतच त्या खोलीत शिरल्या.

विभागप्रमुख प्रोफेसर स्त्राहिल मुताफोव मधोमध उभे होते. त्यांची साहाय्यक डॉ. बिस्त्रा गुडघ्यांवर बसून फडक्याने पाणी टिपत होती.

"बघा वेलिकाबाई, काय करून ठेवलंय ते," मुताफोव म्हणाले. "तीन वर्षांची मेहनत पाण्यात गेली."

"कुणाची मेहनत?"

"विभागाची. आणखी कुणाची?"

"बरं. फ्रीजर गळतोय कधीपासून?"

बिस्त्राने मान वर केली. "काय माहीत, मॅडम. काल इकडे कुणी फिरकलंच नाही."

"परवा?"

"परवा रविवार होता."

वेलिकाबाईंनी फ्रीजरचं दार ओढून बघितलं. ते उघडेना. कुलूप जसंच्या तसं होतं.

"दाराचं सोडा, हे बघा," मुताफोवांनी फ्रीजरच्या मागे बोट दाखवलं. प्लगच्या पायथ्याशी, ओल्या फरशीवर एक लाल-पांढरा दोरा पडला होता. मार्तेनित्सा. मार्च लागला की एकमेकांच्या मनगटावर बांधायची, पहिला करकोचा दिसला की सोडून मोहरलेल्या झाडाच्या फांदीला बांधायची. महिनाभर लहानथोर सगळ्यांच्या हातात असते. बाजारातल्या सगळ्या एकसारख्या. ही मात्र घरी कातलेल्या जाड लोकरीची होती, लाल रंग विटकरीकडे झुकलेला, मध्ये एक निळा मणी ओवलेला.

"इस्क्राच्या आजीच्या हातची," मुताफोव म्हणाले. "अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे. प्लग उपटताना हातातून गळाली. आणखी पुरावा काय हवा?"

इस्क्रा पाचव्या वर्षाची, विद्यार्थी संशोधन मंडळातली मुलगी. मुताफोवांच्या विभागाने तीन वर्षांपूर्वी एक शोधनिबंध छापला होता: अमुक एक गोळी दिली की अशक्त हृदयाच्या रुग्णांच्या रक्तातला एक वाईट घटक झपाट्याने उतरतो. निबंधावर सात नावं. तेव्हापासून डोंगराकडची म्हातारी माणसं रोज सकाळी ती गोळी घेत होती. इस्क्राने सराव म्हणून त्याच नळ्यांतल्या काही नव्या यंत्रावर तपासल्या, आणि तिला तो घटक कुठं उतरलेला दिसेना. शुक्रवारी दुपारी विद्यार्थ्यांच्या संशोधन दिनात ती हे सगळ्यांसमोर वाचून दाखवणार होती.

"तिने आकडे मनाचे घातले होते," मुताफोव म्हणाले. "पकडली जाईन ही भीती वाटली, म्हणून रक्तच नासवून टाकलं. शुक्रवारी सकाळी समिती बसवू. तुम्ही, मी आणि बिस्त्रा. सही करा आणि तिचं नाव महाविद्यालयातून काढून टाकू. पाच वर्षं गेली तर गेली."

वेलिकाबाईंनी बी थुंकून टाकली. निबंध ह्यांचा, तक्रार ह्यांची, आणि न्याय करायलाही हेच! तिघांच्या समितीत दोघे त्या सात नावांतले. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथं तर चोराचा पत्ता नसताना संन्याशासाठी फास वळायला घेतला होता. त्यांनी चिमट्याने तो दोरा अलगद उचलला, गाठीला बोटसुद्धा न लावता, आणि पाकिटात टाकला.

तेवढ्यात दारात एक मुलगी येऊन उभी राहिली. तिने पाकिटातल्या निळ्या मण्याकडे बघितलं आणि तिचा चेहरा पांढरा पडला.

"ही माझीच आहे," इस्क्रा म्हणाली.

२

"पण मी ती इथं पाडली नाही, मॅडम!"

वेलिकाबाईंनी तिला आपल्या तळघरातल्या खोलीत नेलं, यंत्रातली कडू कॉफी हातात दिली आणि बस म्हणाल्या. पोरगी उभीच राहिली. डोळ्यांत पाणी नव्हतं, संताप होता. बाईंना ते बरं वाटलं.

"मग कुठं पाडलीस?"

"पाडली नाहीच. रविवारी गावाहून बसने येत होते. नदीच्या वळणावर, विजेच्या खांबावर करकोचा बसला होता. ह्या वर्षीचा माझा पहिला. इथं उतरले, दवाखान्याच्या आवारातल्या अलुच्याच्या, त्या रानटी आलुबुखाराच्या, झाडाला मोहर आलाय ना, त्याला मार्तेनित्सा बांधली आणि वसतिगृहावर गेले."

"कुणी बघितलं?"

"नाही. म्हणजे, आवारात माणसं होतीच. मी कशाला बघू कोण बघतंय ते?"

"बरं. आता नळ्यांचं सांग. किती तपासल्यास?"

"एकच खोकं. बाकीच्यांना हात लावलेला नाही. मॅडम, माझे आकडे खरे आहेत हो! मी एकेक नळी दोनदा तपासलीय. मला वाटलं होतं सर खूश होतील. चूक असेल तर चूक कळली, असं म्हणतील."

"तू खरंच पाचव्या वर्षाला आहेस ना?" बाईंनी विचारलं. "की कालच जन्मलीस?"

इस्क्राला राग आला. "मंडळात घेताना आम्हाला हेच सांगतात, मॅडम. सत्याचा शोध वगैरे."

"सांगतात, सांगतात. आणि नळ्या धुवायची वेळ आली की प्रत्येकाची परीक्षा असते. निबंधावर नाव घालायचं म्हटलं की सगळे मोकळे. ते रक्त तर आधी तपासलेलं होतं. मग तुझ्या वाट्याला नळ्या उरल्या कशा?"

"मला वाटलं, जादा संच काढून ठेवला असेल. बिस्त्रा मॅडमकडे किल्ली मागितली, त्यांनी दिली. काही बोलल्या नाहीत."

वेलिकाबाईंनी कॉफी संपवली. "चल. तुझी फांदी दाखव."

दोघी आवारात गेल्या. अलुच्याचं झाड पांढऱ्या मोहराने भरलं होतं आणि खालच्या फांद्यांवर पन्नासेक मार्तेनित्सा लटकत होत्या. इस्क्रा सरळ उजवीकडच्या एका फांदीपाशी गेली, टाचा उंचावल्या आणि तशीच थांबली.

"इथंच बांधली होती," ती म्हणाली. "ह्या डहाळीला, टोकाजवळ."

डहाळी होती. तिच्या टोकाचा मोहर तेवढा झडलेला होता. दोरा नव्हता.

आणि हे मुताफोवांना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, मग झालं की, बांधलीच नव्हती. बाईंना तो आवाज कानात ऐकू आला आणि त्यांचं डोकं तापलं.

३

मुताफोवांच्या खोलीत भिंतभर प्रमाणपत्रं होती. वेलिकाबाई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"हे सगळं तुम्ही वाचलंय का हो? म्हणजे, ज्याच्यावर तुमचं नाव आहे ते सगळं?"

"वेलिकाबाई, टोमणे पुरे. विभागप्रमुखाचं नाव असतंच. पद्धत आहे तशी."

"आहे खरी. आयत्या बिळावर नागोबा, ही फार जुनी पद्धत आहे. एवढंच सांगा, प्रत्येक रुग्णाच्या किती नळ्या घेतल्या होत्या?"

"गोळीच्या आधी एक आणि नंतर एक. जादा घ्यायला पैसे कुठं होते? जे घेतलं ते ह्याच फ्रीजरमध्ये."

"दुसरा संच?"

"नाही म्हटलं ना. जे होतं ते एवढंच, आणि तुमच्या त्या कार्टीने त्याचीच माती केली!"

"तपासलं कुणी?"

"देयानने. दुसऱ्या वर्षात होता, पण काय चुणचुणीत पोरगा! मी म्हटलं, शुक्रवारपर्यंत आकडे हवेत. शुक्रवारी आकडे हजर. आता सहाव्या वर्षाला आहे, मंडळाचा अध्यक्ष, उन्हाळ्यात जर्मनीला चाललाय. असे विद्यार्थी हवेत."

देयान ग्रंथालयाबाहेर भेटला. देखणा, हसतमुख, बोलायला गोड. त्याने बाईंसाठी खुर्ची ओढली.

"मला फार वाईट वाटतंय, मॅडम. इस्क्रा माझ्या धाकट्या बहिणीसारखी. पण ताण सहन होत नाही काही जणांना. नाव मिळवायची घाई."

"तुला नव्हती?"

तो हसला. "मी कष्ट केलेत, मॅडम. विचारा कुणालाही. दुसऱ्या वर्षी ह्याच नळ्यांवर आठवडा काढला. एकेक झाकण फिरवून उघडायचं, मोजायचं, परत फिरवून लावायचं. बोटांची सालटी निघाली होती. आई म्हणायची, डॉक्टर होतोयस की लोणच्याच्या बरण्या उघडतोयस?"

"वा! आई गमतीची आहे. आणि रविवारी कुठं होतास?"

"इथंच, ग्रंथालयात. परीक्षा आहेत ना."

"इस्क्राची मार्तेनित्सा शेवटची कधी पाहिलीस?"

"काल. सोमवारी. तिच्या मनगटावर होती, इथंच बसली होती ती समोर." त्याने मान खाली घातली. "मला सांगायला लागतंय ह्याचंच दुःख आहे."

म्हणजे सोमवारी मनगटावर आणि मंगळवारी प्लगपाशी. रविवारच्या झाडाची गोष्ट थाप ठरली. साक्षीदार हसतमुख, मंडळाचा अध्यक्ष. वेलिकाबाईंना वाटलं, पोरगी गेली.

जिन्यात बिस्त्रा भेटली, हातात रुग्णांच्या फायली घेऊन घाईत. बाईंनी तिला अडवलं.

"तू ह्या मुलांना काल वॉर्डात रक्त काढायला शिकवत होतीस ना? इस्क्रा होती?"

"होती."

"बाह्या वर?"

"कोपरापर्यंत. मी सगळ्यांचे हात तपासते. अंगठी, घड्याळ, दोरा, काही चालत नाही."

"आणि तिच्या हातात?"

"काहीच नव्हतं, मॅडम. बाकीच्यांना काढून ठेवायला लावलं. तिच्या हातात नव्हतंच."

वेलिकाबाई तिच्याकडे बघतच राहिल्या. "अगं बाई, मग हे सकाळी का नाही बोललीस?"

बिस्त्राने फायली छातीशी धरल्या. "कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली आणि निघून गेली.

४

एकीचं म्हणणं हात रिकामा, एकाचं म्हणणं हातात दोरा. मुताफोव म्हणणार, वॉर्डात काढून खिशात ठेवला असेल, नंतर घातला असेल. आणि समितीत तर हेच ऐकलं जाणार, कारण ऐकायचंच ते होतं.

तेव्हा बाई माणसांना सोडून दोऱ्याकडे वळल्या. दुपारचं ऊन तळघराच्या खिडकीतून टेबलावर येत होतं. न्यायवैद्यकात पहिला धडा हा की गळफासाची गाठ सोडायची नाही. दोर कापायचा तो गाठीपासून लांब. गाठ कशी मारली, किती मोठी, कशाभोवती, हे सगळं ती गाठ सांगते. बाईंनी हा धडा तीस वर्षं मुलांना शिकवला होता. अर्धी मुलं तेव्हा मोबाइल बघत असत.

त्यांनी दोरा चिमट्याने पांढऱ्या कागदावर ठेवला. दोरा कापलेला नव्हता. तुटलेला नव्हता. दोन पक्क्या गाठी मारलेलं एक बंद कडं होतं ते. बाईंनी आपली करंगळी त्यात घालून बघितली. ती पहिल्या पेरापाशीच अडकली.

"इस्क्रा!" त्यांनी हाक मारली. पोरगी बाहेर बाकावर बसून होती. "हात पुढे कर. ह्यातून तुझं मनगट जाईल?"

"मनगट? ह्यातून तर बोटसुद्धा..." ती बोलता बोलता थांबली.

"हातातून गळाली म्हणे! करंगळी जात नाही तिथं हात कुठून गेला?" बाईंनी भिंग तिच्या हातात दिलं. "गाठीच्या आत बघ."

गाठीच्या पिळात एक पांढरी पाकळी चुरगळून अडकली होती, आणि आतल्या बाजूला झाडाचा डिंक लागून लोकर चिकट झाली होती.

"ही मी डहाळीला मारलेलीच गाठ आहे," इस्क्रा सावकाश म्हणाली. "मनगटावरची गाठ सोडून मी तिथं नवी मारली होती. कुणीतरी ती डहाळीच्या टोकावरून तशीच ओढून काढली."

"गाठ सोडत बसायला वेळ नव्हता बिचाऱ्याला. दुसऱ्याने झाडाला बांधलेली मार्तेनित्सा उतरवायची! माझी आजी असती तर हात मोडला असता त्याचा."

आता प्रश्न उरला, कोण. बाईंचं डोकं भराभर चालायला लागलं. ज्याने प्लग उपटला त्याच्याकडे फ्रीजरची किल्ली नव्हती. किल्ली असती तर दार उघडून नळ्या पिशवीत भरून नेल्या असत्या, काम तमाम. इस्क्राला तर किल्ली नुसती मागून मिळत होती. त्याला रक्त नासवायचं होतं, कारण नासलं की इस्क्राचं म्हणणं कुणी परत तपासणार नाही. म्हणजे आधीचे आकडे ज्याला झाकायचे होते तो. पण त्याने आकडे मोजताना चूक केली होती, की आणखी काही?

मुताफोव म्हणाले होते, दुसरा संच नव्हता. मग इस्क्राने उघडल्या त्या नळ्या पूर्वी एकदा उघडलेल्या असायला हव्यात.

"पहिलं खोकं उघडलंस तेव्हा नळ्या कशा दिसत होत्या?"

"बंद. कोऱ्या. म्हणून तर मला जादा संच वाटला."

वेलिकाबाई उठल्या आणि जिन्याकडे धावल्या. साठीच्या बाईला धावताना बघून वॉर्डबॉय बाजूला झाले. बिस्त्राने किल्ली दिली, पण देताना तिची बोटं किल्ली सोडेनात. बाईंना ती ओढूनच घ्यावी लागली.

फ्रीजरमधून कुबट वास आला. इस्क्राने हात न लावलेली खोकी बाईंनी एकापाठोपाठ एक बाहेर काढून उघडली. नळ्यांना फिरवायची झाकणं नव्हतीच. वरून दाबून बसवलेली रबराची बुचं होती, आणि प्रत्येक बुचाभोवती मेणाची पारदर्शक पट्टी गुंडाळलेली. रक्त घेताना नर्सने गुंडाळलेली पट्टी. एकही फाटलेली नव्हती. एकही!

वेलिकाबाईंनी तिथंच उभ्या उभ्या अशी शिवी हासडली की बिस्त्राने दार लावून घेतलं.

५

शुक्रवारी सकाळी समिती बसली. लांब टेबलाच्या एका बाजूला मुताफोव, वेलिकाबाई आणि बिस्त्रा. समोर इस्क्रा, आणि साक्षीदार म्हणून देयान, इस्त्रीच्या शर्टात. बाईंनी टेबलावर दोऱ्याचं पाकीट ठेवलं आणि एक खोकं, कापडाने झाकून.

त्यांनी आधी दोऱ्याचं सांगितलं. करंगळीचं, पाकळीचं, डिंकाचं. मुताफोवांनी पाकीट हातात घेऊन बघितलं आणि खाली ठेवलं.

"म्हणजे इस्क्राने रविवारी झाडाला बांधलेली मार्तेनित्सा कुणीतरी उतरवून तिथं नेऊन टाकली," बाई म्हणाल्या. "आणि देयान, तू ती सोमवारी तिच्या मनगटावर बघितलीस. बिस्त्राने सोमवारी त्याच मनगटावर काही बघितलं नाही. जे नव्हतं ते तुला कसं दिसलं रे, राजा?"

"माझी दिवसाची गफलत झाली असेल, मॅडम."

"असेल. होते गफलत. तुला बरण्यांची झाकणं आठवतात, एवढी दांडगी स्मरणशक्ती. ह्या नळ्या कशा उघडल्यास ते परत एकदा सांग सगळ्यांना."

देयानने ओठांवरून जीभ फिरवली. "झाकण फिरवून."

बाईंनी कापड ओढलं.

रबराची बुचं, मेणाच्या अखंड पट्ट्या. मुताफोवांनी एक नळी उचलली, उलटसुलट केली, दुसरी उचलली. त्यांच्या मानेवर लाल चट्टे उठले.

"रक्त नासवलंस," बाई म्हणाल्या. "रक्त नासलं की सुटलो असं वाटलं तुला. पट्ट्या नासत नाहीत हे तुला कळायचं कसं? ज्याने आयुष्यात हे खोकं उघडलं नाही त्याच्याकडूनच ती चूक होणार. सात माणसांनी सही केली की आम्ही हे रक्त तपासलं. सातांत एकानेही बूच काढलेलं नाही!"

देयानचं हसू केव्हाच गेलं होतं. तो उठला, खुर्ची मागे आदळली.

"हो, नाही काढलं! कसं काढणार होतो? दुसऱ्या वर्षाचा पोरगा होतो मी! ते यंत्र चालवायलासुद्धा कुणी शिकवलं नव्हतं. सर म्हणाले, शुक्रवारपर्यंत आकडे दे, आणि चांगले दे. कसे मोजलेस, कुणी विचारलं? फ्रीजरला कुलूप असतं. मला कुणी किल्लीसुद्धा दिली नव्हती! आकडे मात्र सगळ्यांना हवे होते. आणि आता ही येते आणि..." त्याने इस्क्राकडे बोट दाखवलं.

"तीन वर्षं होती तुझ्याकडे सांगायला," इस्क्रा म्हणाली. तिचा आवाज चढला. "आणि सांगितलं नाहीस ते नाहीसच, वर माझ्या आजीची मार्तेनित्सा झाडावरून उतरवलीस! लाज वाटली नाही?"

मुताफोवांनी दोघांना बाहेर जायला सांगितलं. दार लागल्यावर ते पाणी प्यायले, आणि त्यांचा आवाज एकदम मवाळ झाला.

"वेलिकाबाई, आपण शहाणी माणसं आहोत. मुलीला काढायचं नाही, मान्य. प्लग सफाई करताना निघाला असं लिहू. मुलीला फक्त एक ताकीद, न विचारता नळ्या वापरल्या म्हणून. तिने आज काही वाचायचं नाही. देयान जर्मनीला जाईल, पोराचं आयुष्य आहे. खोकी जाळायला पाठवू. कशाला उगाच घाण उकरायची?"

"ताकीद तिच्या कागदावर चढली की तिला पुढं कुठला विभाग उभा करील? आणि ती न विचारता नळ्या घेणारी, खोट्या आकड्यांची, हेच लोक म्हणत राहणार. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच ना?"

"व्यवहार बघा."

"मी ठराव मांडते," वेलिकाबाई म्हणाल्या. "इस्क्रा पूर्ण निर्दोष. प्लग देयानने काढला. निबंध खोटा, मागे घ्यायचा. माझं मत हो." त्यांनी हात वर केला.

"माझं नाही," मुताफोव म्हणाले. ते बिस्त्राकडे वळून हसले. "बिस्त्राचंही नाही. तिची नेमणूक पुढच्या महिन्यात माझ्यासमोर येतेय, आणि निबंधावर तिचंही नाव आहे. चला, आटोपलं."

बिस्त्रा टेबलाकडे बघत बसली होती. दोन मुलं घरी, नवरा परदेशात कामाला, नेमणूक वर्षावर्षाची. वेलिकाबाईंना हे सगळं माहीत होतं, आणि त्यांनी मनातल्या मनात इस्क्राला काय सांगायचं ते जुळवायला सुरुवातही केली.

बिस्त्राने हात वर केला.

"बिस्त्रा, हात खाली घे."

"किल्ली माझ्याकडे होती, सर." ती म्हणाली. "फ्रीजर आला त्या दिवसापासून. मोजायचंय म्हणून किल्ली मागायला कुणी आलंच नाही. आकडे आले तेव्हाच मला कळलं होतं. मी म्हटलं, कुणी विचारलं तर सांगीन. कुणी विचारलं नाही." तिने नाक पुसलं, पण हात तसाच ठेवला. "पहिल्यांदा किल्ली मागितली ती इस्क्राने."

"तुझ्या नेमणुकीचं काय होईल कळतंय का तुला?"

"कळतंय."

"दोन विरुद्ध एक," वेलिकाबाई म्हणाल्या आणि दार उघडलं.

इस्क्रा भिंतीला टेकून उभी होती. बाईंनी निर्णय सांगितला. ती हसेल, रडेल असं त्यांना वाटलं होतं. तिने फक्त मोठा श्वास घेतला आणि विचारलं, "मॅडम, ती खोकी जाळायला नाही ना पाठवली?"

दुपारी सभागृह गच्च भरलं होतं, कारण हजेरीचं प्रमाणपत्र मिळणार होतं. मागच्या रांगांत मुलं कुजबुजत होती, कुणी खात होतं, कुणी मोबाइलवर होतं. इस्क्रा खोकी उचलून मंचावर आली आणि ती टेबलावर एकाशेजारी एक मांडली. मग एक नळी हातात घेतली.

"हे रक्त आमच्या डोंगराकडच्या माणसांनी दिलंय," ती म्हणाली. "गोळीचा गुण येतो का, ते बघायला. ह्यातल्या एका खोक्यापलीकडे ते कधीच कुणी तपासलं नाही, आणि आता कुणाला तपासताही येणार नाही. ती माणसं मात्र आज सकाळीसुद्धा गोळी घेऊन बसलीत."